उंबरातली चिलटे आणि दमलेला धनेश

डोंगराच्या उतारावर एक दाट राई होती आणि त्या राईत एक धनेश राहत असे. मुलांनो, गोष्टीतले पक्षी बहुधा आनंदी असतात, गातात, बागडतात. हा तसला नव्हता. हा दमलेला होता. का दमला होता ते आधी सांगतो, म्हणजे पुढे त्याच्यावर रागवायचे की नाही हे तुमचे तुम्हाला ठरवता येईल.

धनेशांच्या घरात एक रीत आहे. उन्हाळा लागला की मादी एखाद्या जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचे तोंड आतून लिंपून घेते. माती, शीट, चघळलेली फळे, चोचीला लागेल ते सगळे त्या लिंपणात जाते. चोच बाहेर काढता येईल एवढी उभी फट तेवढी ती ठेवते. मग आत बसून ती आपल्या पंखांची पिसे गाळून टाकते, अंडी घालते आणि पिल्ले वाढेपर्यंत बाहेर येत नाही. मनात आले तरी येता येत नाही, कारण उडायला पिसेच नसतात. तिचे खाणे, पिल्लांचे खाणे, सगळे बाहेर राहिलेल्या एकट्या नराने आणायचे. साप आणि उदमांजर यांच्यापासून पोरे वाचवायची ही त्यांची युक्ती. युक्ती चांगली आहे, नाही असे नाही. पण बाहेरच्याला काही झाले किंवा त्याला खाणेच मिळाले नाही, तर आतली सगळी संपली.

तर आपला धनेश उजाडल्यापासून मावळेपर्यंत फळे वाहत असे. गळ्यात भरून आणायची, फटीपाशी लटकायचे, एकेक फळ वर काढून आत द्यायचे आणि पुन्हा उडायचे. त्याची ढोली बेहड्याच्या झाडात होती आणि फळे ओढ्याकाठच्या उंबरावर. भर उन्हाळ्यात राईतली बाकीची झाडे हात वर करत, तेव्हा सगळ्यांचे पोट हा एकटा उंबर चालवी. अगदी खोडापासून घोस लगडलेले असत. एक घोस पिकून संपतो न संपतो तोच दुसरा हिरवा धरलेला असे. पोपट, वानर, शेकरू, वटवाघळे, खाली सांडलेल्यावर साळिंदर, सगळ्यांची पंगत तिथेच. भांडत भांडत का होईना, जेवत सगळे.

या सगळ्यांत शेकरू फार टापटिपीचे. कुठलेही फळ दोन्ही हातांत फिरवून, पुसून, वास घेऊन मगच ते तोंडात घालायचे. एक दिवस त्याला काय सुचले कोण जाणे, त्याने पिकलेले उंबर सरळ न खाता मधोमध फोडून पाहिले. आत किडे वळवळत होते. आता उंबरात किडे असतातच. तुम्हीही कधीतरी फोडून पाहिले असेल आणि तोंड वाकडे केले असेल. राईतली मंडळी आजवर न फोडता खात आली होती, त्यामुळे कुणाचे काही अडले नव्हते. शेकरूने मात्र पाहिले आणि ते फळ लांब फेकून दिले.

"शी, हे आजवर आपल्या पोटात गेलं?" असे म्हणत ते तडक वानराकडे गेले. हा वानर त्या राईत सर्वांत जुना. सभा म्हटली की त्याला फार बरे वाटे. निर्णय कसला होतो याच्याशी त्याला देणेघेणे नसे, निर्णय झाला पाहिजे एवढेच. दुपारपर्यंत उंबराखाली सभा भरलीसुद्धा.

"ही कीड येते कुठून?" वानराने विचारले.

"चिलटं आहेत बारीक, डोळ्याला धड दिसत नाहीत एवढी," शेकरू म्हणाले. "हिरव्या उंबराच्या टोकाला भोक असतं ना, तिथून आत शिरतात. बसून पाहिलंय मी. एकदा शिरली की बाहेरही येत नाहीत. तिथंच मरतात. म्हणजे मेलेली चिलटंही आपण खायची आणि त्यांची पोरंही खायची."

पोपटांनी ते ऐकून चोची पुसल्या. एक पोपट म्हणाला, "शिरूच द्यायची नाहीत त्यांना. त्या पलीकडच्या ऐनाच्या झाडावरच्या मुंग्यांना बोलवा की. चिलट दिसलं की सोडत नाहीत त्या."

मुंग्यांना निरोप गेला. या मुंग्या झाडावर शेणाच्या गोळ्यासारखी मोठमोठी घरटी करून राहायच्या. त्यांची म्होरकी आली, तिने सगळे ऐकून घेतले आणि एकच विचारले, "कायमचं यायचं का?"

"कायमचंच," वानर म्हणाला. "उंबर तुमच्या ताब्यात. फळांना हात लावायचा नाही, चिलटं ठेवायची नाहीत."

एवढ्यात धनेश आला. तो सभेसाठी आलाच नव्हता, फळांसाठी आला होता. त्याने खाली कोण जमले आहे हेही न पाहता गळ्यात उंबरे भरायला सुरुवात केली. वानराने वर बघून हाक मारली, "धनेशबुवा, या झाडाची सगळ्यांत जास्त फळं तुम्हीच नेता. चिलटं हाकलायची म्हणतोय आम्ही. तुमचं काय म्हणणं?"

धनेशाच्या मनात एक गोष्ट आली होती, हे मी त्याच्या वतीने सांगतो. त्याच्या मनात आले की ही चिलटे काही आज आलेली नाहीत. उंबर आहे तेव्हापासून ती आहेत. ती इथे नेमके काय करतात, हे एकदा विचारावे. पण विचारले असते तर सभा लांबली असती. शेकरू बोलले असते, मग पोपट बोलले असते, मग वानराने सगळ्यांचे ऐकून स्वतः तेच पुन्हा सांगितले असते. आणि तिकडे ढोलीत नुकतीच दोन पिल्ले अंड्यातून बाहेर आली होती.

"ठरवा काय ते," धनेश म्हणाला. "मला घरी जायचंय."

"धनेशबुवांचा होकार," वानर म्हणाला आणि सभा संपली.

मला त्याचा राग येतो मुलांनो. त्याची दयाही येते. दमलेल्या जिवाला प्रश्न विचारायचा म्हणजे आणखी एक ओझे उचलायचे. होकार हलका असतो, तो देऊन निघून जाता येते. पण त्या दिवशी एक प्रश्न कुणी विचारायला हवा होता आणि त्याने तरी तो विचारायला हवा होता.

मुंग्या आल्या. त्यांनी कामात कसूर केली असे कुणी म्हणू शकणार नाही. फांद्याफांद्यांवर त्यांची गोळ्यासारखी घरटी झाली, खोडावर चढ-उताराच्या रांगा लागल्या आणि प्रत्येक हिरव्या उंबराच्या टोकाशी दोघी-तिघी पहाऱ्याला बसल्या. वाऱ्यावर चिलटे यायची, उतरायची आणि मुंग्यांच्या तोंडात जायची. आधीच पिकत आलेली फळे होती, ती सगळ्यांनी नेहमीसारखी खाल्ली. काही दिवस शेकरू रुबाबात फिरत होते. पानांवरच्या अळ्याही मुंग्यांनी खाल्ल्या होत्या, त्यामुळे झाडही टवटवीत दिसत होते.

मग नवा हिरवा घोस पिकायची वेळ आली आणि तो पिकला नाही. उंबरे सुपारीएवढी झाली, तशीच राहिली, पिवळट पडली आणि गळायला लागली. शेकरूने एक उचलून फोडले. आत एकही किडा नव्हता. अगदी स्वच्छ होते. खाऊन पाहिले तर भुसा चावल्यासारखे लागले, त्याने थुंकून टाकले. त्याच्या वरच्या घोसाचेही तेच झाले. झाडाखाली हिरव्या फळांचा सडा पडू लागला, आणि साळिंदरसुद्धा तो हुंगून पुढे जाऊ लागले.

"उन्हाळा कडक आहे यंदा," वानर म्हणाला. दुसरे काय म्हणणार? तो आपली टोळी घेऊन डोंगराखालच्या आमराईकडे गेला. पोपट उडून गेले. ज्यांना जाता आले ते गेले.

धनेशाला जाता येत नव्हते, कारण त्याचे घर भिंतीआड होते. तो दोन डोंगर ओलांडून जायचा, कुठे चार रानफळे मिळाली तर ती, नाहीतर सरडा, नाहीतर भुंगे घेऊन यायचा. येता येता वाटेतच त्याला एवढी भूक लागायची की गळ्यातले गिळून टाकावे असे वाटायचे. तो गिळायचा नाही.

"अहो, आज एवढंच?" आतून धनेशीण विचारायची.

"आज एवढंच मिळालं."

"उंबराला काय झालंय काय?"

"धरतंय आणि गळतंय. कुणास ठाऊक काय झालंय."

"मग हे पोरांना देते."

"आणि तू?"

"माझं सकाळचं आहे अजून."

सकाळचे काही नव्हते. ते त्यालाही माहीत होते, कारण सकाळी त्यानेच काही आणले नव्हते. एकदा ती म्हणाली, "भिंत फोडू का मी? दोघं मिळून शोधू." तो म्हणाला, "फोडून जाशील कुठे? पिसं आली नाहीत तुझी. आणि उदमांजर रोज या झाडाखालून जातं." पोरे ओरडत होती. त्यांतले धाकटे हळूहळू कमी ओरडू लागले होते, आणि धनेशिणीला त्या कमी ओरडण्याचीच भीती वाटत होती.

एका दुपारी धनेश लांब गेला असताना फटीच्या काठावर काहीतरी येऊन बसले. एक चिलट होते. चिलटाला आपण 'ते' म्हणतो, पण ही आई होणार होती, म्हणून मी तिला 'ती' म्हणतो.

"हे उंबर आहे का?" तिने विचारले.

"नाही गं बाई," धनेशीण म्हणाली. "बेहड्याची ढोली आहे ही. आत मी आहे आणि माझी दोन पोरं आहेत."

"वाटलंच मला. भोक जरा मोठंच वाटलं. पण दुसरीकडं कुठं शिरताच येईना, म्हटलं बघावं."

"कुठून आलीस?"

"डोंगरापलीकडच्या उंबरातून. सकाळी जन्मले. वाऱ्यानं इकडं आणलं आम्हाला. ओढ्यापाशी उतरलो तर प्रत्येक फळापाशी मुंग्या. बऱ्याचजणी होतो आम्ही. आता मीच दिसतेय."

धनेशिणीला बोलायला कुणी मिळून बरेच दिवस झाले होते. तिने विचारले, "पण उंबरात जाऊन करणार होतीस काय तू?"

"अंडी घालणार होते. आणि ही पिवळी धूळ आहे ना माझ्या अंगावर, जुन्या उंबरातून आणलेली, ती नव्यातल्या फुलांना लागली असती."

"उंबराला फुलं कुठं असतात?"

"आतच की. उंबर म्हणजे फुलंच आहेत, तोंड मिटून बसलेली. आमच्याशिवाय त्यांच्याकडं कुणी जात नाही."

"आणि मग बाहेर कशी आली असतीस?"

"बाहेर नाही येत. दार एवढं अरुंद असतं की आत शिरतानाच पंख तुटतात. पोरं बाहेर पडतात, आई नाही पडत."

धनेशिणीने आपल्या पायाशी पडलेल्या पिसांकडे पाहिले. या एवढ्याशा जिवाचे आणि आपले बाळंतपण एकाच तऱ्हेचे आहे, हे तिच्या लक्षात आले होते. तिला वाईट वाटले. आणि दुसरेही काहीतरी लक्षात येऊ लागले होते.

"तुमच्यातली कुणी आत गेलीच नाही तर त्या उंबराचं काय होतं?"

"काय व्हायचंय? बी धरत नाही. बी नसलेलं फळ झाड कशाला पोसेल? टाकून देतं." चिलटाने पाय आवरून घेतले. "मी इथंच बसते जरा. तुमची हरकत नाही ना?"

"बस," धनेशीण म्हणाली.

चिलटाचे आयुष्य ते केवढे. ऊन उतरायच्या आत ती तिथे बसल्या बसल्याच मरून गेली. धनेश आला तेव्हा धनेशिणीने आधी खाणे मागितले नाही.

"अहो, इकडे ऐका," ती म्हणाली आणि तिने सगळे सांगितले. मग म्हणाली, "मुंग्यांना बोलवायचं ठरलं तेव्हा तुम्ही होतात ना सभेत?"

"होतो."

"काय म्हणालात?"

"ठरवा म्हणालो."

ती त्याला बोलली नाही. भांडायलासुद्धा अंगात जोर लागतो. तिने फक्त चोच बाहेर काढून त्याने आणलेला भुंगा घेतला आणि आत वळली. धनेशाला वाटले, बोलली असती तर बरे झाले असते.

दुसऱ्या दिवशी तो खाणे शोधायला न जाता आमराईत गेला. तेवढ्या वेळचे खाणे पोरांच्या तोंडचे होते, हे त्याला माहीत होते. वानर आंब्याच्या फांदीवर बसला होता, शेजारी शेकरू होते. धनेशाने सगळे नीट समजावून सांगितले. त्याला बोलायची सवय नव्हती, त्यात घसा कोरडा, त्यामुळे दोनदा सांगावे लागले.

"चिलटांशिवाय फळ धरत नाही? हे बरं सांगतोस," शेकरू म्हणाले. "घाण केल्याशिवाय जेवण होत नाही म्हणायचं का?"

"तू घाण म्हण. मला फळ पाहिजे."

"सभेत एकमतानं ठरलंय," वानर म्हणाला. "तुझाही होकार होता."

"होता," धनेश म्हणाला. "चुकलं माझं. माझी पोरं त्या होकारापायी मरायला टेकलीत. आता काय करायचं ते सांगा."

वानराने डोके खाजवले. मनाने तो वाईट नव्हता, नुसता वरवरचा होता. तो म्हणाला, "मुंग्यांशी बोलून बघ. त्या गेल्या तर माझी काही हरकत नाही."

धनेश मुंग्यांकडे गेला. मुंग्यांच्या म्होरकीने ऐकून घेतले.

"आम्ही विचारलं होतं, कायमचं का," ती म्हणाली. "तुम्ही कायमचं म्हणालात. जुनी घरं मोडून आलो आम्ही. आता आमची अंडी इथं आहेत, पोरं इथं आहेत. पोरं घेऊन कुठं जाऊ, तूच सांग."

पोरांसाठी तो आला होता आणि पोरांसाठीच त्या जात नव्हत्या. तो फांदीवर नुसता बसून राहिला. त्याला झोप येत होती. झोपायला वेळ नव्हता.

तिथे बसला असताना त्याला ओढ्यापलीकडून ठकठक ऐकू आली. तांबूस अंगाचा एक सुतार पक्षी तिकडच्या किंजळाच्या झाडावर चोच मारत होता. त्याच्या चोचीला मुंग्या चिकटलेल्या होत्या. धनेश उडत त्याच्यापाशी गेला.

"मुंग्या खातोस?"

"दुसरं काय खाणार?"

"मग आमच्या उंबरावर का येत नाहीस?"

"तुमच्या सभेला मला बोलावलं होतं का कुणी?" सुतार म्हणाला. धनेशाने मान खाली घातली, तसा तो जरा नरमला. "येईन मी. पण आधीच सांगून ठेवतो, सगळ्या मुंग्या संपवणार नाही. मला अंडी घालायला त्यांचंच घरटं लागतं."

"ज्यांना खातोस त्यांच्याच घरात राहतोस?"

"मग त्यात काय? तुझी बायको बसलीय ती ढोली कुणी कोरली? माझ्याच भाऊबंदांनी. पुढं पाण्यानं आणि बुरशीनं मोठी केली. कुणाच्या तरी घरात राहिल्याशिवाय कुणाचं भागतंय?"

सुतार आला. त्याने उंबरावरची घरटी एकामागून एक फोडली. एक तेवढे आपल्यासाठी राखले. मुंग्या चवताळल्या, त्याला चावल्या, पण शेवटी आपली अंडी तोंडात धरून त्या मागे सरल्या. बऱ्याच ऐनावर परत गेल्या, थोड्या उंबराच्या एका अंगाच्या फांद्यांवर राहिल्या. वरच्या घोसांवरचा पहारा उठला. मग वाऱ्यावर डोंगरापलीकडून चिलटे आली आणि हिरव्या उंबरांच्या टोकांशी उतरून, पंख दारात टाकून आत गेली.

शेकरू आमराईतून परत आले होते. ते म्हणाले, "म्हणजे आता चिलटंही येणार, हा दिवसभर ठोकाठोकीही करणार आणि वर थोड्या मुंग्याही राहणार?"

"हो," धनेश म्हणाला.

"मग सुधारलं काय?"

"काही नाही. होतं तसं व्हायला बघतंय."

गोष्ट इथे संपवायचा मोह मला होतो. संपवता येत नाही. कारण चिलट आज आत गेले म्हणून उंबर उद्या पिकत नाही. आत बी धरावे लागते, चिलटांची पोरे वाढावी लागतात, फळात रस भरावा लागतो. झाडाला कुणाची घाई कळत नाही. तेवढे दिवस धनेश पुन्हा दोन डोंगर ओलांडत राहिला, सरडे आणि भुंगे आणत राहिला. तेवढ्या दिवसांत धाकटे पिल्लू गेले. हे मी गाळून सांगू शकलो असतो. पण चूक दुरुस्त झाली की तिचे सगळे परिणामही मागे फिरतात, असे तुम्हाला वाटायला नको. धनेशिणीने एका सकाळी फटीतून सांगितले, "धाकटं उठत नाही." धनेश म्हणाला, "बरं." आणि तो उडाला, कारण थोरले अजून ओरडत होते.

अखेर उंबर पिकला. आधी एक घोस लाल झाला, मग दुसरा. वास सुटला आणि सगळे परत आले. पोपट आले, वानराची टोळी आली, साळिंदर आले. वानराने एक उंबर तोंडात टाकून सभोवार पाहिले आणि म्हणाला, "शेवटी आपण सगळ्यांनी मिळून मार्ग काढलाच." सगळे खात होते. शेकरूने एक फळ हातात फिरवले, पुसले, फोडले. आत किडे होते. त्याने इकडेतिकडे पाहिले, डोळे मिटले आणि खाऊन टाकले.

धनेशाने गळा भरून घेतला आणि बेहड्यावर येऊन लटकला. पहिले उंबर त्याने फटीतून आत दिले. थोरल्याने ते चोचीतून जवळजवळ ओढूनच नेले. तेवढी ताकद त्याच्यात राहिली होती, हे पाहून धनेशाला बरे वाटले. मग सवयीने त्याने दुसरे उंबर वर काढले आणि फटीत धरले. ते घ्यायला चोच पुढे आली नाही. त्याच्या ते लक्षात आले नाही. तो तसाच धरून राहिला, दमल्यामुळे डोळे मिटून.

थोड्या वेळाने आतून धनेशीण म्हणाली, "अहो, ते मला द्या आता."

तात्पर्य : एकमेकांशिवाय ज्यांचे भागत नाही असे सगळेच शेजारी एकमेकांना आवडतात असे नाही, म्हणून कुणाला हाकलायला मान हलवण्याआधी, कितीही दमलेले असा, तो इथे काय करतो एवढे तरी विचारून घ्यावे.